तक्त्यात नसलेलं टेकाड

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

धोळकियांचं नाव! नवघरच्या नव्या विज्ञान दालनाला — जिथे माझ्या बापाची भातखाचरं होती तिथे — त्या माणसाचं नाव! आणि ही बातमी पेढ्यांच्या बॉक्ससकट कोणी आणली, तर कुलदीपने. माझ्या सख्ख्या भाच्याने, धाकट्या भावाच्या पुढारी पोराने.

"आत्या, तुझेच सर ना ते? शेवटी मीरा रोडला राहायचे, म्हणून नाव पास झालं. मीच जोर लावला. तू पाच मिनिटं बोल ना. फर्स्ट रोमध्ये खुर्ची ठेवतोय तुझी."

त्याला वाटलं मी खूश होईन. बिचारा. आयुष्यभर काम असं केलं की घरी एक शब्द बोलायची सोय नाही. त्याला कळणार कुठून?

पेढा खाल्ला नाही. मंदाने खाल्ले. दोन.

४ नोव्हेंबर

आज मंदाला सगळं सांगून टाकलं. थोरल्या भावाची बायको, तो गेल्यापासून आम्ही दोघीच घरात, तरी कधी बोलले नव्हते.

म्हटलं, अणुभट्टीतून न्यूट्रॉनचा झोत येतो. तो धातूच्या तुकड्यावर सोडायचा. धातू न्यूट्रॉन गिळतो आणि गामा किरण बाहेर टाकतो. प्रत्येक मूलद्रव्याचे किरण ठरलेले, जसा प्रत्येक घराच्या कालवणाचा वास ठरलेला असतो. ते मोजायचे, आलेख काढायचा. माझ्या आलेखात उतारावर एक छोटं टेकाड होतं. धातूच्या तक्त्यात नसलेलं! शिसं, लोखंड, सिमेंट, पाणी — आजूबाजूला जे जे होतं त्या सगळ्याशी ताडून पाहिलं. कशाशीच जुळेना. म्हणजे नवीन. म्हणजे माझं!

सव्विसाव्या वर्षी. मिठागरवाल्याची पोर. गटात एकटी बाई.

सरांना दाखवलं. म्हणाले, "घाई नको. आणखी मोजा." मोजलं. महिनेच्या महिने मोजलं, टेकाड हलायला तयार नाही. मग एका सोमवारी कामावर जाते तो काय — सगळी मांडणी उघडलेली, शिशाच्या विटा भिंतीकडेला रचलेल्या. झोत दुसऱ्या गटाला दिलेला. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पुष्पलता, इथे काही नाही. विसरून जा." कारण? नाही. मी विचारलं, ओरडून विचारलं. नाही म्हणजे नाही. महिन्याभरात माझी बदली उपकरण विभागात.

मंदा म्हणाली, "मंग तुमचा शोध त्यांनी आपल्या नावावर केला का काय?"

तेच तर! केलंही नाही. कुठे छापलं नाही, कोणाला सांगितलं नाही. अरे, चोराने चोरलेलं निदान वापरावं तरी! नुसतं गाडून टाकलं. माझं होतं म्हणून.

७ नोव्हेंबर

दोन दिवस लिहायला बसले नाही.

उपकरण विभागात पुढची सगळी नोकरी गेली. किरणमापक बनवले. आज लोक म्हणतात, मॅडम, तुमचे मापक घालून माणसं सुखरूप घरी गेली. गेली असतील. बरं झालं. पण मी निसर्गाला काहीतरी विचारायला गेले होते, डबे जोडायला नाही. सर निवृत्त झाले तेव्हा भाषणात माझ्या मापकांचं तोंडभर कौतुक. माझ्याकडे मात्र पाहिलं नाही. एकदाही. चोराच्या मनात चांदणं!

९ नोव्हेंबर, रविवार

मंदाने बरणी काढलीय. दालनासाठी पुरचुंडी बांधतेय.

आमच्याकडची रीत. हंगामातलं पहिलं मीठ विकायचं नाही. मूठभर लाल चिंधीत शिवायचं आणि नव्या कामाला बांधायचं — पाळण्याला, होडीला, आता रिक्षाला. दृष्ट लागत नाही म्हणे. खाचरांसारखं मिठागरही गेलं, तिथे टॉवर आले, पण शेवटच्या हंगामातलं मीठ मंदाने जपून ठेवलंय.

म्हटलं, विज्ञान दालनाला कसली पुरचुंडी! तर म्हणते, "तुमाला आईनं दिली व्हती ना, तवा न्हेली का न्हाय?"

नेली होती. एम.एस्सी. झालेली बाई, पोलक्यात लपवून नेली! आईने मूठभर कसली, चांगली दोन मुठी भरून दिलेली. तिला आत सोडत नव्हते, मी काय करते ते तिला कधी दिसणार नव्हतं, निदान तिचं मीठ तरी माझ्याजवळ राहू दे म्हटलं. शिशाच्या विटांमागे, किरण मोजणाऱ्या काउंटरच्या पायाशी सारून ठेवली. कोणाला दिसली असती तर मेलेच असते. पुरुष टपलेलेच होते — बाई घेतली की असंच, उद्या लिंबू-मिरची टांगेल! नंतर माझी मीही विसरले.

त्या सोमवारी तीही गेली. विटा एकेक उचलून शोधली. नव्हती. त्या माणसाने माझ्या आईचं मीठसुद्धा कचऱ्यात टाकलं.

१२ नोव्हेंबर

ठरलं. पाच मिनिटं दिलीत ना? खरं बोलणार.

१८ नोव्हेंबर

मंदाला भाषण म्हणून दाखवलं. म्हणाली, "मेल्या मानसाला कशाला उकरता, ताय? त्याची बायको येनार हाय तिथं."

येऊ दे. मी जिवंतपणी गाडली गेले तेव्हा कोण आलं होतं?

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं ती आत जाता जाता पुटपुटली. मी ऐकलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

बोलले!

मांडव भरलेला. मराठी, हिंदी, गुजराती — सगळं नवघर आणि अर्धा मीरा रोड. माइक हातात घेतला. म्हटलं, "ज्यांचं नाव या भिंतीवर आहे त्यांनी माझा शोध मारला. कारण सांगितलं नाही. मी बाई होते, मिठागरातून आले होते, एवढंच कारण मला दिसतं. आज मुली इथे विज्ञान शिकायला येणार. त्यांनी कोणाच्या नावाखाली बसायचं ते तुम्ही ठरवा."

मागून एका मुलीने टाळी वाजवली आणि सगळा मांडव उठला. कुलदीपचा चेहरा आधी पांढराफटक — मग टाळ्यांचा अंदाज घेऊन तोही टाळ्या वाजवायला लागला. धन्य आहे!

हंसाबेन, सरांच्या पत्नी, पहिल्या रांगेत व्हीलचेअरवर. नव्वदीच्या. त्या रडल्या नाहीत, निघून गेल्या नाहीत. माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं होतं त्यांची ती नजर बघून बरं वाटेल. फारसं वाटलं नाही. पण दुःखही नाही!

२५ नोव्हेंबर

व्हिडिओ सगळीकडे फिरतोय. खालचा भाजीवाला म्हणाला, "मॅडमजी, आपने तो धो डाला!" कोथिंबीर फुकट दिली.

कुलदीप आला. धोळकियांच्या पाटीवर कापड टाकलंय. "आत्या, पब्लिक तुझ्या बाजूने आहे. डॉ. पुष्पलता गावंड विज्ञान दालन! ठराव नंतर करू, पाटी आधी लावतो."

मी नको म्हणायला हवं होतं का? म्हटलं नाही. मला हवंय ते. किती वर्षं हवं होतं, माझं मला माहीत. आज जेवण गोड लागलं. मंदा मात्र माझ्याआधीच जेवून झोपली.

२८ नोव्हेंबर

हंसाबेनचा फोन. "एक वार या ना घरी. मला सारखा बाहेर पडता येत नाय."

माफी मागायला लावतील. किंवा रडतील. जाईन, घाबरते की काय! त्यांच्या तोंडावरही तेच सांगेन.

२९ नोव्हेंबर

नया नगरच्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर घर. हंसाबेन रागावल्या नाहीत. चहा दिला. मग सरांच्या कपाटातून काहीतरी काढून माझ्या हातावर ठेवलं. लाल चिंधी, विटून गेलेली. आईच्या हातची शिवणीची टीप. आत खडेमीठ.

"ए तुमचा ना? साहेब बोलायचे — हंसा, हे फेकू नको, कोणाला सांगू पण नको. मीठ काढला आणि ते टेकाड गेला. लोकांना कळला तर त्या छोकरीवर हसतील, मग दुसऱ्या कुठल्या छोकरीला आत घेणार नाय. तिला पण नाय सांगणार — खरी हाय ती, स्वतःच जाऊन सगळ्यांना सांगेल. मला शिव्या देईल, तर देऊ दे."

मीठ. म्हणजे क्लोरीन. न्यूट्रॉन अधाशासारखे गिळणारं क्लोरीन! त्याच्या किरणांचा आकडा मला झोपेतही पाठ आहे. शिसं ताडलं, लोखंड ताडलं, पाणी ताडलं. मिठागरवाल्याच्या पोरीने मीठ ताडलं नाही.

खाली उतरून कुलदीपला फोन लावला. म्हटलं, कापड काढ, सरांचीच पाटी राहू दे.

"आत्या, आता कुठे? तुझी पाटी सकाळीच लागली. मंदाआईने पुरचुंडीपण बांधली."