बिदाईच्या गाण्याखालचा ढोल

माय, गोंदियाजवळच्या कुडव्याच्या माझ्या घरात मी पहिल्यांदा तुझं गाणं कम्प्युटरवर घेतलं, तेव्हा त्यात मधेमधे टक्-टक् वाजत होतं. हेडफोन कानावरून काढत तू विचारलंस, “हे कोण दात वाजवून राहिलं?” आपल्या पोवारी बोलीतली लग्नाची गाणी तुझ्याएवढी कुणालाच येत नव्हती, म्हणून तुला देवरीकडून बसनं बोलावून घेतलं होतं. गोंदियातला दुकानदार म्हणाला, “मॅडम, आपके घर की बिजली ही खराब है,” आणि स्टॅबिलायझर गळ्यात मारला. मग माईक बदलायला लावला. टक्-टक् तशीच. त्याला काही कळत नव्हतं, पण तसं म्हणायचं नव्हतं. त्याच्या गुळगुळीत बोलण्याची मला अजून शिसारी येते.

शेवटी मीच बसले. तुझा आवाज घेता घेता तो कम्प्युटरचा डबा मागे भलतेच उद्योग करत होता. अँटिव्हायरस फायली चाळत होता, इंटरनेट आपलं आपलं चालू होतं, आणि त्या धांदलीत आवाजाचे तुकडे गळत होते. सगळं बंद केलं, इंटरनेटची वायर उपसली, आवाज येताना थोडा साठवून ठेवायची सोय असते, तो साठा वाढवला. घरघर नको म्हणून पंखासुद्धा बंद. तू पदरानं मान पुसतेस आणि बिदाईचं गाणं पहिल्यापासून म्हणतेस. मग हेडफोन लावून डोळे मिटून ऐकतेस. “आता कोणी मधात बोलून नाही राहिलं,” म्हणतेस.

त्या गाण्याची मी सीडी केली, ती दादानं मागून नेली. त्याच्या पोराच्या लग्नात डीजेनं काहीतरी लावलं, ते मला आधी ओळखूच आलं नाही. खाली ढोल, मधेच कुणी “हे! हे!” ओरडतो, आणि वर तुझा आवाज, पळवून पळवून चिरका केलेला. दादा घामाघूम होऊन आला. “माय, पब्लिक पाह्य कशी नाचून राहिली!”

“ते रडाचं गाणं हाये, बाबू. त्याच्यावर कायले नाचून राहिले?”

“आजकाल कोण रडते, माय?” तो हसला.

तू जेवण तसंच टाकून उठलीस. माझ्या घरी आल्यावर, पोटात काही नसताना, मोरीवर उभी राहून चूळ भरत राहिलीस. पुढे कधी माईक समोर ठेवला तर तू तो बाजूला सारायचीस. “गाणं उष्टं झालं.” घरात भांडी घासतानाही मग तू गुणगुणली नाहीस.

तुझ्या तेरवीला दादा म्हणाला, “तुझ्या कम्प्युटरवरचा तो साफ आवाज दे ना, मांडवात लावू.” मी तिथून उठले. दिला नाही. इतकी वर्षं झाली, त्याच्याशी कामापुरतंच बोलते. हा कागदही कुणाला दाखवायचा नाही, त्याला तर नाहीच.

पण माय, त्या लग्नाच्या मांडवात खुर्चीखाली माझा पाय त्या ढोलावर ताल धरत होता. आवाज तुझा आहे हे कळलं, तरी तो लगेच थांबला नाही.