अर्ध्या सामानाचे घर

॥ श्री ॥

मी, लक्ष्मीकांत रामराव नारखेडे, वय ४९, धंदा घरसजावट, राहणार बुलढाणा, मूळ गाव वडनेर भोलजी. पुढच्या आठवड्यात हृदयाचे ऑपरेशन आहे. त्याआधी पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय, देवाला स्मरून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. तरी लिहिलेले बरे.

१. राहते घर आणि बँकेतील ठेवी पत्नी प्रतिमा हिच्या. देवघर आहे तसे राहू द्यावे. उभ्या आयुष्यात तेवढी एकच जागा मी सजवली नाही.

२. दुकान आणि हत्यारे मुलगी गार्गी हिला. जुन्या-नव्याचा असा मेळ वडिलांना सुचला कसा, असे गिऱ्हाईक विचारतील. तिने खरे सांगावे. आईबाबांच्या मागे वाटणी झाली, तेव्हा थोरला भाऊ उत्तमराव, आमचा दादा, एकेका वस्तूचे दोन वाटे करत बसला. झोपाळ्याची फळी मला, पितळी कड्या त्याला. दाराचे एक कवाड मला, एक त्याला. आईच्या जात्याचा खालचा दगड मला, वरचा त्याला.

मी म्हणालो, "दादा, अर्ध्या जात्याचं काय करू?"

"मांडीवर घेऊन बस बे!"

मग मी फळी स्टीलच्या तारांनी टांगली. कवाडाला लोखंडी पाय लावले, वर काच टाकली, जेवायचे टेबल झाले. दगडात नळी रोवून त्यावर दिवा लावला. घरी येणारे लोक म्हणू लागले, आम्हालाही असेच करून द्या. लोक याला माझी स्टाईल म्हणतात. आहे ती दादाची कृपा.

३. या तिन्ही वस्तू दादाला द्याव्या, असे आधी लिहिले होते. वाटणीपासून आमचे बोलणे बंद होते. साक्षीलाही तोच हवा होता. वकील म्हणाले, ज्याला द्यायचे त्याची सही साक्षीला घेऊ नका, पुढे शंका निघते. म्हणून परवा वडनेरला जाऊन कागद दादाला वाचून दाखवला.

"ऑपरेशनचं मले काऊन नाही सांगितलं बे?"

"तू बोलतच नव्हता न, दादा."

"बोलत नव्हतो. मेलो नव्हतो!"

आतून आशावहिनी म्हणाल्या, "भांडा आता पोटभर. मी चहा ठेवते."

चहा झाल्यावर मी विचारले, "वस्तू घेतो का सही करतो?"

"मले नको तुह्या वस्तू. माह्या वाटच्या अर्ध्या वस्तू अजून कोठ्यात पडून हायेत. सही करतो."

म्हणून ते कलम रद्द. दादाच्या नावे यात काहीही ठेवलेले नाही. तिन्ही वस्तू गार्गीच्या.

४. मी परत आलो नाही, तर प्रतिमा आणि गार्गीने कोणतेही मोठे काम दादाला विचारल्याशिवाय करू नये. तो आधी ओरडेल. ओरडू द्यावे.

ठिकाण: बुलढाणा
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५

लिहून देणार: लक्ष्मीकांत रामराव नारखेडे (सही)

आमच्या समक्ष सही केली:
१. वामनराव शंकरराव देशमुख, शेजारी (सही)
२. उत्तमराव रामराव नारखेडे, सख्खा भाऊ (सही)

(उत्तमरावांच्या सहीखाली त्यांच्याच हातचे:) पुढच्या आठवड्यात ऑपरेशनले मी सोबत जाऊन राह्यलो. हा कागद कामात येनार नाही.