पेट्रोलचं झाकण नसलेली गाडी

मटाई क्रीक
१९ डिसेंबर २०२३

प्रिय मर्ल,

सबंध वसंतभर तू माझं डोकं खाल्लंस. "नोली, पुरती इलेक्ट्रिक घेऊ, की ती दोन्हीवर चालणारी, वायर लावायची हायब्रिड?" मांडीवर गोधडी, हातात सुई, आणि दर गुरुवारी तोच प्रश्न. आता गाडी माझ्या शेडमध्ये येऊन उभीसुद्धा राहिली, तरी वाटलं की हे सगळं एकदा पहिल्यापासून कागदावर उतरवावं. तुला पाठ असलेलंच तुला सांगतेय म्हणून हसशील. हस. म्हातारीची हौस समज.

ग्रेमाउथला गाड्यांच्या दुकानात गेलो होतो तो दिवस घे. बाहेर धो धो पाऊस, आत ही गर्दी. नव्या सरकारनं अशा गाड्यांवरची सूट बंद करायची ठरवली होती आणि डिसेंबरच्या शेवटच्या दिवसाच्या आत ज्याची गाडी नोंदली जाईल त्यालाच ती मिळणार होती. इतकी वर्षं इलेक्ट्रिक गाड्यांना खेळणी म्हणून हिणवणारे बाप्येही रांगेत उभे होते, "सरकार देतंय तर सोडा कशाला?" म्हणत. दुकानातल्या मेरेआनानं आपल्याला कोपऱ्यातल्या टेबलाशी बसवलं, चहा दिला आणि सरळ सांगितलं, "आंटी, तुमच्या बाजूला हायब्रिडच बरी. चार्जर कमी, रस्ता लांब, एखादा पूल वाहून गेला की सगळा वळसा. चाळीसेक किलोमीटर बॅटरीवर जा, पुढं पेट्रोल आहेच. जिवाला घोर नाही." पोर काही खोटं बोलत नव्हती. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं. जपानहून आलेल्या वापरलेल्या गाडीवर पुरत्या इलेक्ट्रिकला साडेतीन हजार डॉलरच्या आसपास सूट, हायब्रिडला दोनच्या आसपास. पण हायब्रिडची मूळ किंमतच कमी, त्यामुळं सूट वजा करून दोन्ही जवळजवळ सारख्याच पडत होत्या. तू लगेच म्हणालीस, "मग तर हायब्रिडच, नोली. थोडं हे, थोडं ते." मी टेबलाखालून तुझ्या नडगीवर लाथ मारली. काळीनिळी पडली होती म्हणे. पडू दे. लाथ मारली नसती तर आज काय झालं असतं?

हायब्रिडला पेट्रोलची टाकी असते, मर्ल. टाकीला झाकण असतं. आणि तुझ्या गाडीचं झाकण इतकी वर्षं कोण उघडत आलंय?

सोमवारी सकाळी क्लॅरी त्याच्या पंपावर स्वतः नळी लावणार, टाकीत पाव भागापर्यंत भरणार आणि वर कौतुकानं सांगणार, "माझ्या बायकोला कधी नळीला हात लावावा लागत नाही." गावाला वाटतं, काय जपतो! त्या पाव टाकीत होकिटिकाचा दवाखाना, चर्च आणि माझं घर एवढंच बसतं, हे गावाला कोण सांगणार? घाट ओलांडून क्राइस्टचर्चला लेकीकडे पोचता येत नाही, हे त्यानं नीट मोजूनच ठरवलेलं. शनिवारी किलोमीटरचा आकडा वाचणार. "वीस जास्त कसे गं?" होकिटिकाला भरावं म्हटलं तर तिथला पंपवाला याचा शिकारीतला सोबती, संध्याकाळपर्यंत फोन. आणि हे सगळं कशासाठी, तर जनीननं, पोटच्या पोरीनं, ख्रिसमसच्या जेवणात त्याला तोंडावर "तुम्ही आईला कोंडून ठेवलंय" म्हटलं म्हणून. तेव्हापासून तिचं नाव घरात बंद. तिला लेक झाली, रांगायला लागली, आता चालते. तू तिला फोटोत पाहतेस. हायब्रिड घेतली असतीस तर त्या झाकणापाशी तो पुन्हा उभा राहिला असता, नळी हातात घेऊन, हसत.

आपल्या इथल्या माणसांचा चांगुलपणा त्याला किती वर्षं पुरला! शाळेच्या कर्स्टीबाईंनी गेल्या वर्षी हायब्रिड घेतली. पुरती इलेक्ट्रिक घ्यायला पैसे होते, घराला गॅरेज होतं. मग? "अगं नोएलीन, रोज पंपावरून न थांबता जायचं म्हणजे कसंसंच वाटतं. क्लॅरीला काय वाटेल?" त्यांच्या गाडीची चार्जिंगची वायर अजून डिकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आहे. एकदाही लावली नाही. पेट्रोलवर चालवतात, बॅटरीचं धूड ओढत, निव्वळ शेजारधर्म म्हणून. पंपावर पाव मिळतो, टपालाचे खण तिथंच, सकाळच्या खिम्याच्या गरम पाई तिथंच, कुणाच्या गायीला वासरू झालं तेही तिथंच कळतं. तिथून काच वर करून जाणं म्हणजे तोंडावर दार लावल्यासारखं. त्या पंपाला माणसं देतात तो मान आहे, मर्ल. आणि तो मान माझ्या नवऱ्यानं, आल्बीनं कमावलेला आहे. आल्बीनं, आणि मी.

तू तेव्हा नवीन लग्न होऊन आली होतीस, म्हणून पुढचं सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालं. माझा धाकटा दीर, तुझा क्लॅरी, गल्ल्यावर बसायचा, आल्बी लोकांशी बोलायचा आणि मी गाड्यांखालच्या खड्ड्यात. गिअरबॉक्स मी स्वयंपाकाच्या टेबलावर खोलायला शिकले, पुस्तक दुधाच्या बाटलीला टेकवून. मला कुणी शिकवलं नाही. ट्रॅक्टर, दुधाचे टँकर, पर्यटकांच्या उकळलेल्या गाड्या, सगळं या हातांनी केलंय. आल्बी गेला तेव्हा अंत्यविधीनंतर हॉलमधल्या चहाला क्लॅरीनं सगळ्यांसमोर माझा खांदा थोपटला. "नोली, फार राबलीस. आता आराम कर." माणसांचे डोळे भरून आले. सोमवारी गेले तर पंपामागच्या वर्कशॉपचं कुलूप बदललेलं. कागदांवर दोघा भावांची नावं होती, माझं कुठंच नव्हतं. माझे पाने आतच राहिले. आल्बीनं मला लग्नाच्या वाढदिवसाला दिलेला संचसुद्धा. मागायला गेले तर म्हणाला, "ते धंद्याचं सामान आहे, नोली. भावनेत गुंतू नकोस."

मी गुंतले नाही. घरी आले आणि विजेच्या गाड्यांची पुस्तकं मागवली. खरं सांगते, पृथ्वीची वगैरे काळजी मला त्या दिवशी सुचली नव्हती. मला एवढंच ठाऊक होतं की जगात आता अशी गाडी निघाली आहे जिला क्लॅरीची गरज नाही, आणि ती मला आतून-बाहेरून कळली पाहिजे. लोक विचारायला येऊ लागले. मी प्रत्येकाला खरं तेच सांगितलं. ज्याला हायब्रिड सोयीची त्याला हायब्रिड. सूड घ्यायचा म्हणून शेजाऱ्याला घाटात अडकवणारी बाई मी नाही. पण ज्याला पुरती इलेक्ट्रिक चालण्यासारखी होती, त्याच्याशी बोलताना माझा आवाज जरा गोड व्हायचा, हे कबूल. पंपापुढून माझी गाडी बिनआवाजाची जाते, म्हणून मी मुद्दाम हॉर्न वाजवते. रोज. तू पंपाच्या दुकानातून ऐकून तोंड पदरात, म्हणजे तुझ्या त्या एप्रनमध्ये लपवायचीस.

आणि मग तू एका गुरुवारी सुई खाली ठेवलीस नि म्हणालीस, "मला तुझी ही गाडी शिकव." तुझ्या आईच्या तिमारू गावातल्या घराच्या विक्रीतला तुझा वाटा बँकेत तुझ्या एकटीच्या नावावर होता, तेवढं एकच त्याच्या हातातून सुटलेलं. त्यातून गाडी आली. नोंदणी तुझ्या नावानं, कारण सूटही ज्याच्या नावावर पहिली नोंदणी त्यालाच. तू नावापुढं सही केलीस आणि पेन मेरेआनाला परत न देता पर्समध्ये टाकलंस.

बाकी त्या गोधड्यांचं मला फार हसू येतं. वर्षभर दर गुरुवारी गोधड्या शिवायला येणारी बायको एकही गोधडी घरी घेऊन येत नाही, हे त्या आकडेमोड्या माणसाच्या लक्षात कसं आलं नाही? गाडी सुरू केली की तिच्या यंत्रातली ती जपानी बाई काहीतरी बोलते आणि तू दर वेळी तिला "गुड मॉर्निंग" म्हणतेस. तो हरणांच्या शिकारीला गेला तेव्हा आपण त्या घाटातला ओटिराचा चढ चढून आलो. वर पोचेपर्यंत बॅटरीचा आकडा भराभर उतरला, तुझा चेहरा पांढरा. उतारावर आकडा पुन्हा वाढायला लागला तेव्हा तू ओरडलीस, "नोली, ही तर परत देतेय!" माझ्या आयुष्यात मी इतका सुंदर आवाज ऐकला नाही. होकिटिकाला चार्जरवर चहा होईपर्यंत थांबायचं, की पुढं थेट जनीनचं अंगण. हिशोब चोख आहे.

आता जरा सरळ बोलते. क्लॅरी, किटली बंद कर, वाफ उगाच चाललीय. मर्लच्या नावानं आलेला प्रत्येक लिफाफा तू टपालाच्या खणात ठेवायच्या आधी मागच्या खोलीत नेऊन वाफेवर उघडतोस, हे मला ठाऊक आहे. मी फक्त पत्रात लिहिलेली गोष्ट तुझ्या तोंडून मर्लला दुसऱ्या दिवशी ऐकावी लागली तेव्हापासून ठाऊक आहे. या पत्रातलं एक अक्षरही तिला नवीन नाही. हे तुझ्यासाठीच लिहिलं, आणि गुरुवारच्या टपालात पडेल असं बघून पाठवलं. तू हे वाचतोयस तो आजचा दिवस गुरुवार. ती गोधड्या शिवायला म्हणून निघाली. टपालाची गाडी तुझ्या दारात येईपर्यंत ती घाट उतरून कँटरबरीच्या सपाटीवर लागलेली असेल, आणि तू हे वाचून संपवशील तेव्हा नात तिच्या मांडीवर. तिची जुनी गाडी माझ्या फाटकात उभी आहे, पाव टाकी तशीच आहे, मोजून घे. ती कधी येणार हे मला विचारायला येऊ नकोस. तिनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मर्ल लावायची ते पाई गरम करायचं कपाट पहाटेच लावावं लागतं, नाहीतर ट्रकवाले शिव्या देतात. एवढं सगळं एकट्यानं जमवायचं म्हणजे फार राबावं लागेल तुला. आणि हो, लिफाफा परत चिकटवायची तसदी घेऊ नकोस.

मर्लचीच,
नोएलीन