नदीची ओटी आणि परत आलेला नारळ

ती. दादांस,

डोंबिवलीहून सुमतीचा साष्टांग नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, म्हणून मनातल्या मनात घातला. पोचला असं धरून घ्यावं.) वहिनीचे गुडघे काय म्हणतात? तुझं बीपी? गोळी वेळेवर घेतोस की अजून शेजाऱ्यांना वाटतोस? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. बरे म्हणजे जिवंत आहोत, आणि ते का लिहावं लागतंय हे पुढे कळेलच. मी फोन केला तर तू उचलत नाहीस, मेसेज केला तर निळ्या खुणा उमटतात आणि पुढे शुकशुकाट. म्हणून पत्र. पत्राला खुणा नसतात, तेव्हा वाचून न वाचल्यासारखं करायला तुला सोपं जाईल.

मे महिन्यात आंबे न्यायला आले होते तेव्हा पडवीत उभा राहून तू बजावलंस, की सर्वेशने ती कोलशेतची ख्रिश्चन मुलगी केली तर त्याचा मामा लग्नाला येणार नाही. (आंब्याच्या पेट्या मात्र तूच गाडीत चढवल्यास, हे मी विसरलेले नाही.) दादा, आई-बाबा गेल्यापासून मला माहेर म्हणून तूच. तुझ्याशिवाय माझ्या लेकाच्या डोक्यावर अक्षता पडायच्या, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. म्हणून म्हटलं, आधी मुलगी आपण पारखू. खोट सापडली की सरळ तुझ्या बाजूला येऊ. खरं सांगते, खोट काढायच्या तयारीनेच गेले होते.

आता ही मुलगी, बियांका (म्हणून बघ, जीभ वळते), शनिवार-रविवारी मुरबाडच्या पुढे नदीवर लोकांना कयाक शिकवते. कयाक म्हणजे एक अरुंद होडी. तिच्यात पाय लांब करून बसायचं आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं आळीपाळीने डावीउजवीकडे मारायचं. पावसाळ्यात नदीला पाणी असतं म्हणून तिला सुट्टी नसते. तेव्हा मीच ठरवलं, मुलगी कामावर असेल तर कामावर बघू, पाहण्याच्या कार्यक्रमाला दिवाणखानाच लागतो असं कुठे लिहिलंय? श्रावणातल्या रविवारी आम्ही दोघंच निघालो, सर्वेशला मुद्दाम नेलं नाही. यांनी छत्री आणि पोह्यांचा डबा घेतला. (हे नदीला जाताना छत्री का घेतात, हे विचारायचं मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी सोडून दिलं.) मुलीचे आईवडील, गिल्बर्टभाऊ आणि थेल्माताई, घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून सुटून आमच्याही आधी पोचलेले. माणसं गोड आहेत रे. थेल्माताईंनी मैद्याचे तळलेले फुगे आणले होते, आणि यांनी पोह्यांचा डबा न उघडता त्या फुग्यांवर जो हात मारला, त्यावरून यांचं मत मला तिथेच कळलं.

नदी तिथे आधी एका डोहात विसावते. नवशिक्यांना त्या डोहातच फिरवतात. डोहाच्या शेवटी दोन्हीकडचे कातळ जवळ येतात आणि सगळं पाणी फेसाळत एका घळीत शिरतं. त्या तोंडावर आडवी दोरी बांधलेली, पलीकडे फक्त बियांकासारख्या जाणत्यांनीच जायचं. मी काठावरच बसणार होते. पण आपल्या आईने काय शिकवलं? अनोळखी नदीत पाय घालण्याआधी तिची ओटी भरावी. आणि ओटी काठावरून फेकायची नसते, समोर जाऊन द्यायची असते. मी सामान नेलंच होतं: तांदूळ, सुपारी, खण, नारळ. बियांकाने हसण्यावारी नेलं नाही, एवढंच विचारलं, ‘काकी, यात प्लॅस्टिक नाही ना?’ (मी खणाची पिशवी गुपचूप यांच्या खिशात कोंबली.) साडी नेसून बसू नका म्हणाली, पण पदराशिवाय ओटी कशी भरणार? शेवटी पैठणी, पैठणीवर लाइफ जॅकेट, आणि गजऱ्यावर हेल्मेट असा जामानिमा करून मी पुढे बसले, ती मागे. थेल्माताईंनी फोटो काढला आहे. तुला पाठवणार नाही.

डोहाच्या मधोमध मी हळदकुंकू वाहिलं, तांदूळ-खण सोडला, नारळ ठेवला, नमस्कार केला. इथवर सगळं यथासांग. पण देवळात काय होतं? आपण ओटी भरतो आणि गुरव त्यातला नारळ प्रसाद म्हणून परत आपल्या पदरात घालतो. साठ वर्षांची सवय रे! नारळ पुढे वाहत निघाला तसा मी पदर पसरून वाट बघत बसले, आणि परत येईना तेव्हा वल्ह्याने ओढायला गेले. तो पुढे, आम्ही त्याच्या मागे. बियांका मागून उलटं वल्हवतेय, ओरडतेय, आणि मी म्हणतेय, ‘थांब गं, आलाच हातात!’ नारळ दोरीखालून गेला. मी दोरी हाताने वर उचलली, परसातल्या वईच्या कुंपणातून जाताना आडवी काठी उचलतो तशी. त्यानंतर मला देवाची आठवण झाली.

पुढचं काय सांगू! दोन्हीकडे काळे कातळ, तोंडावर पाण्याचे फटके, होडी एकदा आभाळाकडे आणि एकदा पाताळाकडे. मी सगळ्या कुळदैवतांना एकदम हाका मारत होते. तेवढ्यात मागून आवाज आला, ‘काकी, गप्प बसा आणि डावीकडे वल्हं मारा!’ दादा, गेल्या तीस वर्षांत मला गप्प बस म्हणणारं माणूस आमच्या घरात निपजलेलं नाही. मी गप्प बसले. मारलं वल्हं. ती सांगेल तेव्हा वाकले, सांगेल तेव्हा उठले, आणि तिने खरोखर आम्हाला त्या घळीतून जवळजवळ सुखरूप आणलं. शेवटच्या उडीला मात्र माझी पैठणी वल्ह्यात गुंतली आणि आम्ही उलटलो.

पाण्याखाली मला तू आठवलास. लहानपणी आपल्या पऱ्याच्या, त्या एवढ्याशा ओढ्याच्या पुरात मी वाहत चालले होते तेव्हा तू वेणी धरून ओढलं होतंस ना, तसंच कुणीतरी खांद्याचा पट्टा धरून ओढलं. वर आले तर तिच्या कोपराला हे एवढं खरचटलेलं, दात वाजतायत, पण माझा पट्टा सोडलेला नाही. काठावर येऊन मी आधी रडले आणि मग तिला ओरडले. तीही आधी मला ओरडली आणि मग रडली. हे छत्री घेऊन धावत आले आणि म्हणाले, डबा कोरडा आहे.

मग ती पोर उठली, खालच्या भोवऱ्यात गरगर फिरणारा नारळ पोहत जाऊन घेऊन आली, आणि ‘घ्या, तुमचा नारळ’ म्हणून माझ्या पदरात टाकला. तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं. पण मी बसल्या जागी गार झाले. सून बघायला गेले आणि सुनेनेच माझी ओटी भरली! जॅकेटच्या खिशात कुंकवाच्या डबीचा चिखल झाला होता. तो मी थेल्माताईंना विचारून तिच्या कपाळाला लावला. थेल्माताई म्हणाल्या, ‘मलापण लावा.’ तर दादा, सुपारी फोडली नाही (ती नदीत गेली), पण लग्न ठरलं असं समज. मला खोट सापडली नाही. मला ती फार आवडली.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी लाडकी (असशील तू रागात, पण आहेच),
सुमती

ता. क. सोबत पार्सलने तोच नारळ पाठवला आहे. वहिनीने वड्या कराव्यात. प्रसाद नाकारायचा नसतो, हे मला तूच शिकवलंयस.

ता. क. २. खरं काम राहिलंच. लग्न चर्चमध्ये होईल तसं मांडवातही होणार. मांडवात नवरीला तिचा मामा घेऊन येतो. बियांकाला एकच मामा होता, लॅन्सी. त्यानेच तिला कोलशेतच्या खाडीत वल्हं धरायला शिकवलं. तो दोन वर्षांपूर्वी गेला. मांडवाचं कळल्यावर तिने एवढंच विचारलं, की ज्यांना मामा नसतो त्या कशा येतात? तेव्हा सर्वेशचा मामा म्हणून तू येऊ नकोस. शब्दाचा पक्का आहेस, शब्द पाळ. तिचा मामा म्हणून ये.

ता. क. ३. तिला हे विचारलं तर डोळे पुसून म्हणाली, ‘माझा मामा व्हायचं तर आधी होडीत बसावं लागेल.’ छातीचं माप लगेच कळव. जॅकेट मोठं मागवावं लागेल, हे मी तिला सांगून ठेवलंय.