नोंदीत नसलेली छाती

७ जानेवारी १९८५, सौंसर
पांढुर्ण्याहून सकाळच्या बसनं आले आणि हजर झाले. क्षयरोग तपासणीचं केंद्र म्हणजे बंद पडलेल्या जिनिंगचं कापसाचं गोदाम, चुना मारून लख्ख केलेलं. एक्स-रेची मशीन नवी, डार्करूम माझी एकटीची. मदतीला केसरबाई आहे, दवाखान्यातली जुनी आया. तिनं आधी चहा पाजला, मग विचारलं, एवढ्याशा वयात लोकांच्या छात्या पाहाले काहून आली व? मी खूप हसले. दिवसभरात वीस माणसं तपासली.

९ जानेवारी
वीस माणसं, एकवीस फोटो. कालही असंच झालं. जादा फोटो एकाच बाईचा. डावं फुफ्फुस पोखरलेलं, गळ्याखालचं हाड मोडून वाकडं जुळलेलं. रजिस्टरात ती नाही. मशीन बिघडली म्हणावं, तर रोज तीच छाती कशी?

१० जानेवारी
केसरबाईला फिल्म दाखवली. तिनं त्या हाडावर बोट ठेवलं. ते वाकडं हाड तिच्या ओळखीचं. म्हणाली, ही शकुबाई, गावातल्या दादाजीची थोरली सून, इथंच जिनिंगात कामाले होती. रक्त पडे, पण घराण्याचं नाव जाईल म्हणून सासऱ्यानं दवाखाना दाखवला नाही. तीन वर्षांपूर्वी याच गोदामात मेली. आता धाकटी सून शोभाही खोकलून राहिली.
मला म्हणाली, बाई, तू चालली जाय. मी रजिस्टर उघडून एकविसावं नाव लिहिलं. शकुबाई.

१२ जानेवारी
शोभाला तपासणीला न्यायला दादाजीच्या घरी गेले, रजिस्टरातल्या शकुबाईच्या नावाचंही सांगितलं. त्यानं ओसरीवरच उभं ठेवलं. आमच्या घरात तो रोग नाही, ते नाव काटून टाका, म्हणाला. मी सांगितलं, नाव राहील, आणि शोभाला न्यायला मी रोज येईन.
परतले तर मशीन बंद, आणि छाती टेकवायचा पाटा ओला. गरम.

१४ जानेवारी
आज जादा फोटोत छाती नाही. तोंड. उघडं. केसरबाई येत नाही. पण जाणार नाही मी. नाहीच.

१५ जानेवारी, दुपार
शोभा आली! संक्रांतीच्या वाणाचं निमित्त करून, एकटी. म्हणाली, बाई, मले जगायचं हाये. मागोमाग दादाजी. दार ठोकून राहिला, शिव्या देऊन राहिला. शोभा पाट्यापुढून हलली नाही. फोटो काढला.
डार्करूममध्ये आहे. लाल दिवा. फिल्म उमटतेय— डाग आहे. लहान. गोळ्या-इंजेक्शनांनी बरा होईल. पण तिच्या छातीभोवती दोन हात— नुसती हाडं— घट्ट—
मोठ्यानं म्हटलं, शकुबाई, सोड तिले. तुला औषध नाही मिळालं. हिला मी देणार.
खोकला. माझ्या मागं. शोभा तर बाहेर आहे, दार आतून लावलेलं—
मानेवर काहीतरी ओलं—
वळतेय. तोंडावर सांगते. ही तुला नाही मिळ—