कमानीखालचा हात

१२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू कापून पाठवलेले नऊ लाकडी ठोकळे घेऊन सातवीच्या मुलांना जुन्या पुलाची कमान बांधायला लावली. नियम माझाच: डिंक लावायचा नाही, पूर्वीच्या गवंड्यांनी दगड नुसते एकमेकांच्या भारावर उभे केले. माथ्यावरचा ठोकळा बसेपर्यंत एकाने खालून हात धरायचा, मग काढून घ्यायचा. पण हात काढला की कमान खाली! तीन आठवडे हेच.

काल तपासनीस यायचे होते, म्हणून परवा मुलं घरी गेल्यावर मी गुपचूप डिंक लावला. दादा, लिहितानाही कान तापतात. साहेबांनी भिंगरीला (वर्गात सगळे तिला हेच म्हणायचे) माथ्याचा ठोकळा काढून कमान कशी पडते ते दाखवायला सांगितलं. तिने ओढला, तर अख्खी कमान हातात आली. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, डिंक मी लावला. साहेबांनी तिला प्रामाणिकपणावर चांगलं सुनावलं आणि वीस वर्षं इतिहास शिकवणारी तुझी बहीण मख्खासारखी उभी राहिली. आता मुलं तिला डिंकी म्हणतात.

वहिनीला यातलं काही सांगू नकोस.

तुझी,
छोटी

१७ जानेवारी

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वहिनीनेच आधी फोडलं, तेव्हा ते राहिलंच. तुझे कान उपटणार होतो, पण मला तोंड नाही. माथ्यावरच्या ठोकळ्याचा कोन चुकला होता. दिसत होतं, तरी पोरांच्या खेळाला चालतंय म्हणून तसाच बांधून पाठवला. एवढी वर्षं रंधा मारून हे केलं, याची लाज वाटते.

नवा पाठवतोय. तो बसवायच्या आधी सगळ्या वर्गासमोर बोल. पोरीला एकटीला बाजूला घेऊन माफी मागशील, तर ती पळवाट. माझी चूकही सांग.

तुझा,
दादा

२४ जानेवारी

ती. दादास,
सा. न.

सांगितलं. तुझंही सांगितलं, साहेबांनाही पत्र टाकलं. मग ठोकळे भिजवून डिंक काढला आणि कमान पुन्हा बांधली. खाली हात भिंगरीचाच होता. तिने तो काढला आणि कमान उभी! पोरांनी बाकं बडवली.

सुटल्यावर तिला विचारलं, खोटं का बोललीस? ती म्हणाली, शेवटचा ठोकळा बसेपर्यंत कुणीतरी खालून हात धरायचा असतो, तुम्हीच तर शिकवलंत.

तेरा दिवस धरला होता तिने, दादा. आणि मी धरू दिला.

माया आहे तशीच ठेव, आणि यापुढे कोन नीट मोजून काप.

तुझी,
छोटी