नवा पत्ता

सोमवार, ३
आले एकदाची. एक खोली, एक खिडकी आणि किल्ली माझ्या हातात. ताई तीन मजले गादी चढवून धापा टाकत म्हणाली, की पुढच्या वेळी नवऱ्याला सोडशील तेव्हा तळमजला बघ. पोट धरून हसलो. मग चार कप मांडले, मुद्दाम एकाचा कान इकडे, एकाचा तिकडे. त्या घरात सगळे डावीकडे लागायचे. एक चुकला की माझी खैर नसायची.

बुधवार, ५
कोर्टाचा हुकूम हातात आला. नवऱ्याने माझ्या घराकडे फिरकायचंसुद्धा नाही. कुठल्या घराकडे, ते कारकूनबाईंनी अर्जात लिहायला सांगितलं होतं. मी मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं : पाण्याच्या टाकीमागे, तिसरा मजला, खोली नऊ. हुकूम दाराच्या आतून चिकटवला. नऊ वर्षांचा शीण आज अंगावर आला. दुपारभर झोपले.

सोमवार, १०
ताईने हुकूम दोनदा वाचला. म्हणाली, याची प्रत त्यालाही जाते ना? जाते. गेलीसुद्धा. मी कुठे आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. मीच लिहून दिलं, टाकीच्या खुणेसकट. कारकूनबाई म्हणाल्या, पत्ता गुप्त ठेवायचा तर आधी सांगायचं. चौकीत म्हणाले, तो आला की कळवा. ताईकडे जावं, तर ते घर त्याच्या पायाखालचं. आणि पुन्हा गादी उचलायची ताकद नाही.

गुरुवार, १३
शिवणाच्या दुकानातून आले. कुलूप जसंच्या तसं. आत सगळं जागच्या जागी.
कपांचे चारही कान डावीकडे.

शुक्रवार, १४
घरमालकीणबाई म्हणतात, काल कोर्टाचा माणूस आला होता. फार सभ्य. हातात शिक्क्याचा कागद, त्यावर हाच पत्ता. म्हणून त्यांनी जवळची किल्ली दिली. परत घ्यायची राहिली —
चौकीत सांगितलं. आता तो तिथे असेल तर कळवा, म्हणाले. कुलूपवाला उद्या अकराला.

शनिवार, १५
दहा वाजलेत. लख्ख ऊन. दाराला खुर्ची लावली आहे. हात स्वस्थ राहत नाहीत म्हणून लिहिते.
जिन्यात पावलं. कुलूपवाला लवकर आला असेल.
दार वाजवलं नाही.
किल्ली — चौकीला फोन लावलाय. पत्ता विचारतायत. पाण्याच्या टाकीमागे, तिसरा मजला, खो